लिहायचं राहिलेलं ‘न्हाई’

नागोतात्या गेल्याचं मला पूर्णेच्या फलाटावर कळलं. शाळेचे पेपर तपासायला मी चार दिवस तिथं होतो. आमच्या शेजारच्या गावचा एक जण तिथं रेल्वेत सांधेवाला आहे. त्यानं रुळापलीकडूनच हाक मारली, “ओ बी.ए. साहेब, तुमच्या गावचा तो न्हाईवाला म्हातारा गेला म्हणं काल!” मी “बरं” म्हणालो. उरलेले पेपर संपवले, दुसऱ्या दिवशी सेलूला उतरलो आणि मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं. तोवर सगळं उरकलं होतं. तात्यांच्या अंगणात माणसं गुडघ्यांना हाताचा वेढा घालून बसली होती. मीही तसाच बसलो आणि उठून घरी आलो.

या गोष्टीला आता सहा-सात आठवडे झाले. मला रडू आलं नाही, हे सांगून टाकतो. तात्या माझे कुणी नात्यातले नव्हते. त्यांच्याबद्दल एक गोष्ट लिहायची राहून गेली आहे, आणि आमच्या गावात लिहायचं काम माझं आहे, म्हणून लिहितो.

आमचं गाव वालूरच्या अलीकडं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सही केलेली नाही. वडिलांचा अंगठा, आजोबांचा अंगठा. मी मात्र हैदराबादेला जाऊन बी.ए. झालो. गावातला पहिला. याचा मला अभिमान होता आणि आहे. पण माझं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, म्हणजे उर्दूतलं. घरी मराठी बोलायचो, वहीत उर्दू लिहायचो. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, मी गावच्या शाळेत मास्तर झालो आणि पुढं ग्रामपंचायत आली तेव्हा सभेची वही आपसूक माझ्याकडं आली. सरपंच दौलतराव म्हणाले, “बी.ए. असताना दुसऱ्याला कामून हुडकायचं?” मी वही घेतली. मराठीत ठराव कसा लिहितात हे मला ठाऊक नव्हतं, पण तसं मी कुणाला सांगितलं नाही. एका रविवारी मोठ्या गावच्या पंचायतीची वही बघून आलो. तिथं प्रत्येक ठरावाच्या शेवटी एक भारदस्त शब्द होता: ‘सर्वानुमते मंजूर’. मी अर्थ लावला. सर्व म्हणजे सगळे, मत म्हणजे राय. सगळ्यांची राय घेऊन मंजूर. शब्द मला आवडला. त्या दिवसापासून बराच काळ आमच्या वहीतला एकही ठराव त्याच्याशिवाय संपला नाही.

सुरुवातीला सभेला माणसं यायची नाहीत. हुकूम ऐकायची सवय, मत द्यायची नाही. मग मी एक युक्ती काढली. सेलूला रेल्वेनं पेपर यायचा, तो दोन-तीन दिवसांनी का होईना गावात पोचायचा. सभेच्या आधी चावडीवर मी तो मोठ्यानं वाचायला लागलो. बातम्यांसाठी माणसं यायची आणि मग ठरावापुरती बसून राहायची. तात्या पहिल्यापासून यायचे. तीन एकर कोरडवाहू, दोन म्हशी, दहा-बारा शेळ्या एवढा त्यांचा संसार. शेळ्या चावडीमागं बांधून ते खांबाला टेकून बसायचे. ऐकताना डोळे मिटलेले, त्यामुळं झोपले की काय वाटायचं. पण कुठलीही बातमी संपली की त्यांचा एकच प्रश्न. पंचवार्षिक योजना वाचली, प्रश्न आला. दिल्लीत कुठला कायदा झाला, प्रश्न आला. “ते समदं खरं. पर इचारलं कुणाला?”

हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबईकडं जायलाय, ही बातमी मी वाचली तेव्हा तर चावडी दणाणून गेली. टाळ्या वाजल्या. दौलतरावांनी गूळ वाटायला सांगितला. गुळाचा खडा तोंडात टाकून तात्या म्हणाले, “गोड हाय. पर आमाला इचारलं व्हय?”

दौलतराव हसले. “तात्या, तुमाला इचारायला दिल्लीहून मोटार धाडायला पायजे व्हती.”

“मोटार कशाला? चिठ्ठी चालली असती.”

“तुमाला वाचता कुठं येतंय?”

“मला न्हाई येत. ह्यो बीयेबापू हाय की, कशासाठी शिकलाय!”

सगळे हसले, मीही हसलो. मला बरं वाटलं. तात्या मुंबईच्या विरोधात नव्हते बरं का. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, “मी व्हयच म्हनलो असतो. पर माझं व्हय माझ्याकडंच राह्यलं ना.”

त्याच हिवाळ्यात गायरानाचा विषय आला. गावाच्या उगवतीला असलेल्या गायरानाचा निम्मा तुकडा आठवडी बाजाराला आणि कापसाच्या गाड्या थांबायला द्यायचा, असा दौलतरावांचा ठराव. त्यात वाईट काही नव्हतं. वालूरला बाजार भरतो, आपल्या गावात का नको? बहुतेकांना पटलं. पण ज्यांच्या बांधावर गवत होतं त्यांना ते पटणं सोपं होतं. तात्यांसारख्या पाच-सात घरांची जनावरं त्या गायरानावरच जगायची. ती घरं सभेत गप्प बसली. दौलतरावांच्या शेतात कामाला जाणारी माणसं, बोलणार कशी? दौलतरावांनी विचारलं, “मंजूर?” चावडी म्हणाली, “मंजूर.” आणि खांबाकडून आवाज आला, “न्हाई.”

“काय म्हनलात?”

“न्हाई म्हनलो. निम्मं आज चाललंय, निम्मं उद्या जाईल. म्हशी काय तुमच्या बाजारात तंबाखू खातील?”

हशा झाला. दौलतरावांना राग आला नाही, ते तसे मोठ्या मनाचे. म्हणाले, “बरं, तुमचं न्हाई. बाकी समद्यांचं व्हय. लिवा, बी.ए.” तात्या उठून माझ्याजवळ आले. वहीवर बोट ठेवून म्हणाले, “माझं लिवलंस?”

“लिहिलं, तात्या.”

मी खोटं बोललो नव्हतो. निदान त्या वेळी मला तसं वाटलं. मी लिहिलं होतं, ‘सर्वानुमते मंजूर’. सगळ्यांची राय घेतली होती आणि सगळ्यांत तात्या होते.

तात्यांनी तालुक्याला हरकत नोंदवली. अर्ज मीच लिहून दिला. सुनावणीला दोघं गेलो. साहेब पुण्याकडचे होते, नव्यानं बदलून आलेले. त्यांनी आमची वही उघडली, वाचली आणि चष्म्यावरून तात्यांकडं पाहिलं. “आजोबा, तुम्ही सभेत विरोध केला म्हणता. इथं तर ‘सर्वानुमते’ लिहिलंय.”

तात्या खुशीत म्हणाले, “तेच की साहेब. त्यात माझं बी आलं.”

“अहो, सर्वानुमते म्हणजे एकानंही विरोध केला नाही. सगळे एकमुखानं हो म्हणाले.”

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीकडं पाहिलं. साहेब सज्जन होते. मला म्हणाले, “नोंद चुकली असेल तर महिन्याच्या आत तसं लेखी कळवा. फेरविचार करता येईल. नाहीतर हरकत निकाली.”

परतताना गाडीत तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “बीयेबापू, तुला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता व्हय?”

मी म्हणालो, “शब्दाचे दोन अर्थ निघतात, तात्या.”

“निघत असतील बाबा...” ते म्हणाले. “तू माझं न्हाई समद्यांच्या व्हयमंदी टाकलंस. जवारीत खडा पडल्यावानी झालं ते. दळायच्या आधी येचला तर निघतोय. दळल्यावर दाताखालीच यायचा.”

महिना होता माझ्याकडं. चार ओळींचं काम. ‘ठराव लिहिताना मला सदर शब्दाचा अर्थ माहीत नव्हता’ एवढं लिहायचं आणि खाली सही करायची. मी सही बी.ए. लावून करतो. वर ते वाक्य आणि खाली बी.ए., हे मला जमेना. दोन आठवड्यांनी तात्या शाळेत आले. वर्ग चालू होता. दारात चप्पल काढून आत आले, टोपीतून घडी केलेला कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. “सेलूहून आणलाय. चांगला हाय म्हणं.” मी म्हणालो, “बघतो.” ते म्हणाले, “बघ,” आणि गेले. मी बघितलं नाही. महिना संपला. उन्हाळ्यात गायरानाच्या निम्म्या तुकड्याला दगड रोवले गेले. बाजार भरायला लागला. चांगला भरतो. मीही भाजी तिथूनच आणतो.

तात्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं होतं ते सभेला येणं सोडतील, किंवा माझ्याशी बोलणं. दोन्ही झालं नाही. फक्त एक बदल झाला. ठराव लिहून झाला की खांबाकडून आवाज यायचा, “वाचून दाव.” प्रत्येक ठराव. दिवाबत्तीचा असो की आडाच्या कठड्याचा. मी वाचायचो. पुढं पुढं इतर माणसंही शब्दाशब्दाला अडवायला लागली. ‘यथावकाश’ म्हणजे कधी? ‘योग्य ती’ म्हणजे कोणती? दौलतराव वैतागायचे, “अरं, ही सभा हाय का शाळा?” पण मलाही सोपं लिहावं लागायला लागलं. माझं मराठी सुधारलं ते चावडीवर, हे सांगायला मला आता लाज नाही.

आणि तात्या ‘न्हाई’ म्हणतच राहिले. दरवेळी नाही, पटत नसेल तेव्हाच. पण लोकांनी नाव ठेवलं ते ठेवलंच. महाराष्ट्र झाला त्या महिन्यात आमच्याही सभेनं अभिनंदनाचा ठराव केला. तोवर तात्या थकले होते, खोकल्यानं बेजार झाले होते. ठराव वाचून झाल्यावर सगळे खांबाकडं बघायला लागले. दौलतराव म्हणाले, “बोला न्हाईवाले, महाराष्ट्राला बी न्हाई का?”

तात्या म्हणाले, “व्हय. लय व्हय. लिव रे, नागोरावचं व्हय.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आता खुशाल लिव तुझा त्यो शब्द.”

ते त्यांचं सभेतलं शेवटचं बोलणं. पुढच्या सभेला ते आले नाहीत, आणि त्याच्या पुढच्या सभेआधी गेले.

ती सभा परवा झाली. दोन मिनिटं उभं राहून दुखवट्याचा ठराव झाला. तो लिहिताना मात्र मला त्या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक होता. मग दौलतरावांनी पुढचा विषय घेतला. उरलेलं गायरान गोदामासाठी द्यावं. निम्मं उद्या जाईल, असं तात्या म्हणाले होते, त्याला साडेतीन वर्षं लागली. दौलतरावांनी ठरावाच्या बाजूनं असलेल्यांचे हात मोजले, एकोणीस. मग विचारलं, “विरोधात?” खांबापाशी कुणी नव्हतं. मागं बसलेल्या पाच-सात घरांच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं आणि खाली पाहिलं.

वही माझ्या मांडीवर होती. इतकी वर्षं मी सभेत बसतोय, पण मी कशालाही हात वर केलेला नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी गावचा मतदार आहे. मला मत आहे. पण लिहिणाऱ्याचा उजवा हात कायम गुंतलेला, आणि कुणी विचारलं नाही म्हणून मीही दिलं नाही. हात वर करायचा तर टाक खाली ठेवावा लागतो. मी टाक खाली ठेवला.

दौलतराव म्हणाले, “बी.ए., तुमी लिवायला हाव का न्हाई म्हनायला?”

“दोन्हीला,” मी म्हणालो. “आणि मागच्या खेपेला तात्यांचं न्हाई माझ्या हातून राहिलं. मला शब्दाचा अर्थ येत नव्हता. ते आज सगळ्यांसमोर सांगतो.”

कुणीतरी मागून म्हणालं, “बी.ए.ला येत नव्हता?” आणि दुसरा म्हणाला, “आरं, मंग आपलं काय घेऊन बसलास!” त्यावर हसू पिकलं, आणि त्या हशातच मागचा एक हात वर झाला. मग त्याच्या शेजारचा. दौलतरावांनी मोजायला सुरुवात केली, तेव्हा मी टाक उचलला.

ठराव मंजूर झाला. एकोणीस जास्तच होते. पण या खेपेला तालुक्याला जाणाऱ्या कागदावर विरोध करणाऱ्यांची नावं आहेत, आणि सोबत माझ्या सहीची एक चिठ्ठी आहे, जुन्या नोंदीबद्दल. साडेतीन वर्षं उशिराची. तिचं काय होईल, मला माहीत नाही. सभा उठायच्या आधी मी कुणी न सांगता ठराव वाचून दाखवला.

बाजूनं एकोणीस. विरोधात आठ. त्यात लिहिणारा एक.