पालीचं शेपूट परत येतं

आमच्या मुलांच्या वॉर्डात पट्ट्या बदलणारा एक ड्रेसर होता. मान लांब, डोकं लहान आणि चाल अशी की पाय आधी पोचायचे, बाकीचा माणूस मागून. मुलांनी त्याचं नाव शहामृगमामा ठेवलं. त्याला राग आला नाही. उलट त्याने सगळ्यांना बजावून सांगितलं, की शहामृग घाबरलं की वाळूत डोकं खुपसतं ही शुद्ध थाप आहे. मला काय म्हणायचं ते म्हणा, त्या पक्ष्याची बदनामी करू नका.

मी त्या वॉर्डात बावीस वर्षं सिस्टर होते. मला मुलं सुईवाली म्हणायची. माझी चाहूल लागली की अख्खा वॉर्ड झोपेचं सोंग घ्यायचा. मामाच्या मागे मात्र हीच पोरं लंगडत लंगडत जायची. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आधीच कबूल करून टाकते.

ड्रेसिंगची खोली वॉर्डाच्या टोकाला होती. भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या, मधोमध एक उंच टेबल, त्यावर कोपऱ्यात फाटलेलं रेक्झिन. भाजलेल्या किंवा चिरडलेल्या जागेवरची जुनी पट्टी जखमेला चिकटून बसते. ती सलाईनच्या पाण्याने भिजवायची आणि चिमट्याने थोडी थोडी सोडवायची. तिथे मोठमोठे बाप्ये आईला हाका मारतात, सहा वर्षांच्या पोराची काय कथा. त्या खोलीतून येणारं रडणं आम्हाला इतकं सवयीचं झालं होतं, की कधी थांबलं तरच आम्ही मान वर करून बघायचो.

मामा पट्टी भिजवायला घेतली की प्रश्न टाकायचा. ‘सांग बघू, ऑक्टोपसला हृदयं किती?’ उत्तर मात्र नवी पट्टी बांधून गाठ मारल्यावरच. मधे मूल रडायचं, लाथा झाडायचं, पण हुंदक्यातूनच विचारायचं, ‘दोन?’ मामा म्हणायचा, ‘वर चढ,’ आणि तेवढ्यात एक तुकडा सुटलेला असायचा. गाठ बसली की मग सावकाश, ‘तीन. आणि रक्त निळं.’ ते मूल डोळे पुसायचं विसरून बाहेर यायचं आणि दिसेल त्याला निळ्या रक्ताची बातमी द्यायचं.

शिक्षण जेमतेम सातवी. झाडूवाला म्हणून लागला होता, जुन्या ड्रेसरच्या शेजारी उभं राहून काम शिकला. लग्न केलं नाही. विधवा बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायचा आणि त्यातली एक खोली रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांनी भरलेली. बहीण म्हणायची, ‘या घरात माणसं दोन आणि जनावरं दोन हजार.’ त्याचा एक नियम होता. पुस्तकात नाही ते मुलांना सांगायचं नाही. त्याच्याजवळ एक वही असायची आणि तिच्या शेवटच्या पानांवर त्याने मथळा घातला होता, ‘अजून कुणालाच माहीत नाही’. ईल मासे हजारो मैल पोहून अंडी घालायला खोल समुद्रात जातात, पण तिथे त्यांना अंडी घालताना आजवर कुणी पाहिलेलं नाही. काही जातींचे बांबू कित्येक वर्षं फुलत नाहीत आणि मग दूरदूरची बेटं एकदमच फुलतात आणि मरतात. वेळ झाली हे त्यांना कोण सांगतं? ही पानं फक्त फार सोसलेल्या मुलांना वाचून दाखवली जायची.

अशीच एक आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. डाव्या पावलावरून ट्रकचं चाक गेलं होतं. बाप शिंपी; घाईत गळ्यातली टेप तशीच घालून यायचा. आई घरी तान्ह्या बाळापाशी. पोरगी हुशार आणि हट्टी. मामाच्या प्रश्नावर तिचा उलटा प्रश्न तयार असायचा. तिसऱ्या आठवड्यात मामाने विचारलं, ‘पालीचं शेपूट तुटलं तर पुढे काय होतं?’ गाठ मारल्यावर उत्तर दिलं, ‘परत येतं. नव्यात हाडं नसतात, पण येतं.’

‘आणि खेकड्याचा पाय?’ तिने विचारलं.

‘तोही येतो. कात टाकता टाकता मोठा होतो.’ दोन्ही गोष्टी पुस्तकात होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

चौथ्या आठवड्यात पाऊल काळं पडलं. गुडघ्याखाली कापायचं ठरलं. आमच्या वॉर्डाची एक जुनी रीत होती: मुलाला काय आणि कधी सांगायचं ते आईबापांनी ठरवायचं, आम्ही तोंड उघडायचं नाही. बाप म्हणाला, ‘मीच सांगतो,’ आणि त्याची काही जीभ उचलली नाही. पण वॉर्डातल्या पोरांपासून काही लपत नाही. आदल्या दिवशीच्या ड्रेसिंगला तीच मामाला म्हणाली, ‘पाय कापणार आहेत, मला माहितीये. बाबांना सांगू नका, ते रडतील. मला नाही भीती वाटत. परत येईल ना.’

मामाच्या हातात पट्टीची दोन टोकं होती. मी ट्रे घेऊन शेजारी उभी. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: नको. त्याने गाठ मारली आणि एवढंच विचारलं, ‘घट्ट नाही ना झाली?’

सकाळी ट्रॉलीची डोक्याकडची बाजू मामाने धरली होती, मी बाजूने चालत होते. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी तिने माझं बोट पकडलं. ‘सिस्टर, येतं ना परत?’

‘येतं की,’ मी म्हणाले. दार उघडं होतं, आतून हाका चालल्या होत्या आणि शांत मूल कुणाला नको असतं? मामा ट्रॉली ढकलत होता. त्याने ऐकलं. ती हसत आत गेली आणि डॉक्टरांनी नंतर तिच्या धीराचं कौतुक केलं.

जखम भरली आणि खरी पंचाईत सुरू झाली. उरलेला पाय लवचिक पट्टीने रोज घट्ट आवळून बांधावा लागतो. त्याची सूज उतरून नीट आकार आला तरच कृत्रिम पाय बसतो. मामा पट्टी बांधून वळला की ती सोडून टाकायची. बापाची टेप तिने मागून घेतली होती. गुडघ्यापासून टोकापर्यंत रोज मोजायची. सूज उतरेल तसं माप कमीच भरायचं. ‘काल साडेपाच होता, आज पाव इंच कमी झाला,’ ती कुरकुरायची. ‘मामा दाबून टाकतात. वाढायला जागा नको?’

आम्ही रागावलो, बापाने हात जोडले, काही उपयोग झाला नाही. कृत्रिम पाय बनवणारा कारागीर येऊन बघून गेला. जाताना म्हणाला, ‘हे असंच सैल राहिलं तर मी माप कशाचं घेऊ? पोरगी कुबड्यांवरच राहील.’

मी मामाला म्हटलं, ‘बापाला सांगू दे. आपली रीत आहे.’

‘पाल मी सांगितली,’ तो म्हणाला.

त्या दिवशी टेबलावर तिला बसवून त्याने पट्टी सोडली आणि प्रश्न टाकलाच नाही. तीच म्हणाली, ‘आज कोडं नाही?’

‘आहे. पण आज उत्तर आधी.’ ‘माणसाचा पाय परत येत नाही. पालीचं शेपूट येतं, खेकड्याचा पाय येतो, आपला येत नाही. तुझाही येणार नाही, बाळा.’

तिच्या हातात टेप होती. ‘का?’

‘नीटसं अजून कुणालाच माहीत नाही.’

‘पण येत नाही, हे माहितीये?’

‘ते माहितीये.’

‘मी विचारलं होतं तेव्हापण माहीत होतं?’

मला वाटलं, आता तो म्हणेल, सिस्टरने नको म्हणून खुणावलं होतं. दारापाशी येतं म्हणून सांगणारीही हीच. त्याने माझ्याकडे नजरही वळवली नाही. ‘होतं,’ तो म्हणाला.

तिने टेप गुंडाळून बाजूला ठेवली आणि पाय पुढे केला. ‘बांधा.’ त्याने नेहमीपेक्षा घट्ट बांधली. दुखलं असणार. त्यानंतर तिने पट्टी एकदाही सोडली नाही आणि मामाशी एक शब्दही बोलली नाही. त्याने दोन-तीनदा प्रश्न टाकून पाहिले. ती भिंतीकडे बघत राहायची. मग हळूहळू इतर मुलांनाही त्याने विचारणं सोडलं. ‘दुखेल. मी सावकाश करतो,’ एवढंच म्हणायचा. त्या खोलीतलं रडणं वाढलं आणि आम्ही वॉर्डाचं दार लावून घ्यायला लागलो. निवृत्त होईपर्यंत त्याने असंच काम केलं. त्यावरून एकदाही मला बोलला नाही, आणि मीही तो विषय कधी काढला नाही. मला लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

तिला खरं सांगितल्यानंतर तीन महिन्यांनी ती नवा पाय लावून आली. काठी न घेता वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. बाप डोळे पुसत सगळ्यांना सांगत होता, ‘सिस्टरबाईंनी त्या दिवशी दारापाशी धीर दिला, म्हणून निभावलं.’ म्हणजे तिने माझे शब्द घरी सांगितले होते. ते खोटे होते हे तिला आता कळतच होतं, पण माझं खोटं तिने मायेचं ठरवलं होतं. मामा ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात उभा होता. तो तिच्या तोंडाकडे नाही, पायाकडे बघत होता, पाऊल सरळ पडतंय का ते. ती त्याच्यासमोरून तशीच पुढे आली, माझ्या गळ्यात हात टाकले आणि माझ्या गालाचा पापा घेतला. मी तो घेऊ दिला.