चुलीच्या दगडांचं वाक्य

मी मेढ्याकडची. डोंगरातली माणसं राग विसरत नाहीत, असा टोमणा माझी सासू मला मारते, आणि ती खरं बोलते. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या आमच्या केंद्रप्रमुख साहेबांवरचा राग मी महिनाभर पदराला गाठ मारून ठेवला होता.

जत तालुक्यात मी शिकवते त्या शाळेत सातवीला मेंढपाळाची एक पोर होती. घरात कानडी, शाळेत मराठी. दिवाळी झाली की आई-बाप मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला जायचे आणि ही शाळेसाठी चुलतीकडं राहायची, सुट्टी लागली की मेंढरांच्या तळावर जायची. 'माझं घर' या विषयावर निबंध स्पर्धा होती. निवडलेली मुलं सांगलीला जाऊन स्टेजवर आपला निबंध वाचणार होती. या पोरीनं सांगली कधी बघितली नव्हती. तिनं लिहिलं होतं : 'तळ हलवताना आई चुलीचे तीन दगड तिथंच ठेवते. पुढच्या वर्षी आम्ही गेलो की ते आम्हाला ओळखतात.' वाचता वाचता माझा चहा निवून गेला.

तपासणी साहेबांकडं होती. ते नुकतेच कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण घेऊन आले होते. उठता बसता 'उद्याचा विद्यार्थी घडवायचा' म्हणायचे. मशीननं लिहिलेलं ओळखणारं एक अ‍ॅप त्यांच्या मोबाइलवर होतं. वर्गात येऊन त्यांनी पोरीला उभं केलं आणि सगळ्यांसमोर तिचा निबंध त्या अ‍ॅपला दाखवला. लाल अक्षरात शेरा आला, हे लेखन यंत्राचं.

"दगड ओळखतात म्हणं! हे सातवीच्या पोरीचं वाक्य हाय व्हय? कुणाच्या मोबाइलवरनं काढलंस?"

"आवं साहेब, तिच्या घरात साधा बटणाचा फोन हाय," मी म्हणाले.

"बाई, तुमी जुन्या वळणाच्या. मशीन खोटं बोलत न्हाई." आणि त्यांनी सांगलीच्या यादीतलं तिचं नाव खोडलं. पोरगी रडलीसुद्धा नाही.

आठवड्यानं ती वही घेऊन माझ्याकडं आली. निबंध नव्यानं लिहिला होता. "बाई, चांगली चांगली वाक्यं काढून टाकलीत. आता माझं वाटतंय न्हवं?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! साहेबांना मनातल्या मनात म्हटलं, थांब गड्या, नाक दाबल्याशिवाय तुझं तोंड उघडायचं न्हाई.

साहेबांचा एक लेख होता, फौजेतल्या वडिलांवरचा. गावच्या यात्रेच्या स्मरणिकेत छापलेला, कितीतरी वर्षांपूर्वीचा. अ‍ॅप सोडाच, तेव्हा गावात धड टेलिफोन नव्हता. दर महिन्याला केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिथं साहेब त्यातला काही भाग वाचून दाखवायचे आणि डोळे पुसायचे. मी ती स्मरणिका मिळवली. शाळा सुटली की एकेक उतारा त्याच अ‍ॅपला घालून बघायची. पहिले तीन उतारे माणसाचे म्हणून पास झाले. चौथ्याला लाल शेरा आला आणि मी रिकाम्या वर्गात एकटीच हसले.

मग आवाजात साखर घालून फोन केला. "साहेब, पुढच्या परिषदेत अ‍ॅपचं प्रात्यक्षिक मी घेऊ का? जुन्या वळणाची हाय, तेवढंच शिकंन." साहेब लय खूश झाले.

परिषदेत सगळे गुरुजी-बाई बसलेले. साहेब पहिल्या रांगेत. मी चौथा उतारा पडद्यावर टाकला. त्यांनी तो ओळखला आणि कौतुकानं मान डोलावली. मी बटण दाबलं. लाल शेरा आला. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"साहेब," मी विचारलं, "हे वडील कुणाच्या मोबाइलवरनं काढलेत?"

ते ताडकन उठले. "बाई, तोंड सांभाळा! माझा बाप हाय त्यो! हातानं लिवलंय मी!"

"तिचीबी आईच हाय, साहेब. तिनंबी हातानंच लिवलंय."

साहेब खाली बसले. डोळे पुसले, ते या वेळी खरे. मला दया आली असती तर तसं लिहिलं असतं. नाही आली. तीन उतारे पास झाले होते हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि त्याचंही मला काही वाटत नाही.

पोरीचं नाव त्याच दिवशी यादीत परत आलं. एवढ्यावर मी सोडलं नाही. साहेबांना वर्गात आणलं, आणि पोरीला जिथं उभं केलं होतं तिथंच उभं राहून त्यांना माफी मागायला लावली. ती त्यांनी मागितली. शिपायानं चहा आणला, तो न पिताच ते गेले.

सांगलीला मी तिला नवी रिबन बांधली. साहेबही आले होते. पोरगी स्टेजवर चढली, कागद सरळ केला आणि खणखणीत वाचायला लागली. मेंढरं, कुत्रा, आईची पाठ, सगळं आलं. तळ हलवायची वेळ आली. मी खुर्चीतून पुढं सरकले. तिनं एकदा साहेबांकडं बघितलं, आणि थेट पुढच्या ओळीवर गेली.

उतरल्यावर मी तिचा हात धरला. "अगं, दगडांचं वाक्य?"

"ऱ्हाऊ द्या, बाई. परत कुणी इचारलं तर?"

टाळ्या चांगल्या पडल्या होत्या. साहेबांनी मारलेल्या मी मोजल्या नाहीत. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.