पाहुण्यांच्या हातातलं कोकरू

माझ्या आत्याने साधी चौकशी केली तरी ती भांडल्यासारखी वाटते. उन्हाळा लागला की मेंढरं घेऊन खिंडीपलीकडच्या कुरणात जायचं, थंडीच्या आत खाली उतरायचं, सारा जन्म तिने हेच केलं. नवरा गेला त्या वर्षीही ती निघाली. म्हणाली, "मी रडत बसले म्हणून मेंढरांची भूक थांबणार आहे का?"

खिंडीखालच्या सपाटीवर आमचा मुक्काम ठरलेला. यंदा तिथे तंबूंचं हॉटेल उभं राहिलेलं. खाली लाकडी फळ्या, पांढऱ्याशुभ्र चादरी, तंबूतंबूत गरम पाण्याचा नळ. मॅनेजर म्हणाला, "मावशी, मेंढ्या इथे नकोत. पाहुण्यांना वास येतो."

वास! पणजोबांपासून आम्ही या जागेवर उतरतो, हे कालपरवा टपकले, आणि वास आमचा!

पण तेवढ्यात एक मेंढी व्यायला लागली, म्हणून कुंपणाशी थांबावंच लागलं. कोकरू जन्मलं तसे पाहुणे धावत आले. आता वास कुणालाच येईना! आत्या मेंढीची व्याल्यानंतरची वार पडते का बघत होती, तेवढ्यात मॅनेजरने कोकरू उचलून आत नेलं. या हातातून त्या हातात, फोटोवर फोटो. कुणी क्रीम चोपडलेल्या हातांनी कुरवाळलं, एकीने तर सुगंधी रुमालाने पुसून काढलं. मी "द्या हो, द्या" करत नुसती मागे मागे फिरत होते.

परत आणलं तर मेंढीने हुंगलं आणि ढुशी मारून पाडलं. मेंढी पिल्लू वासावरून ओळखते, आणि तो वासच या लोकांनी पुसून टाकला होता. आत्याने मेंढीचाच चीक, तिचं पहिलं दूध, कोकराच्या अंगाला चोळला, मेंढीला दाबून धरून आचळ त्याच्या तोंडात दिलं. मेंढी लाथा झाडत राहिली. आईच्या उबेशिवाय ते खिंडीतल्या वाऱ्यात टिकणार नव्हतं.

"मावशी, आटपा आता," मॅनेजर म्हणाला, "अजून पाहुणे यायचेत."

आत्याने चीक पिळून बाटलीत भरला, चिखलाच्या पायांनी थेट त्याच्या ऑफिसात शिरली आणि कोकरू त्याच्या मांडीवर ठेवलं.

"अहो, हे काय?"

"तुझं पोर. वास तुमचा लागलाय, आता आईपण तुम्हीच करा. घोट घोट पाज. रात्री कुशीत घे."

"मला नाही जमणार हो!"

"फोटो बरे जमले?"

आम्ही चढायला लागलो. खालून कोकराचं ओरडणं ऐकू येत होतं. मेंढीने एकदाही मान वळवली नाही. आत्या मात्र वळून वळून बघत होती, पदराने डोळे पुसत होती, आणि त्या मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.