बांधावरच्या खुंट्या

खाडीकाठच्या दिघे गावच्या गोटीरामाचं शिक्षण चौथीपर्यंतच. पण मास्तरांकडून ऐकलेली अमेरिकेची गोष्ट तो अशी सांगायचा, की ते बोस्टनचं बंदर आपल्याच खाडीच्या वळणावर असावं. काम त्याचं बांध राखायचं. खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून गावानं घातलेला मातीचा बांध तो रोज चालून बघायचा. खेकड्यानं बीळ पाडलं, तरी तिथल्या तिथं चिखल-पेंढा कोंबायचा. भोक तसंच ठेवून पुढं जायचं नाही, हा गावाचा रिवाज.

एकोणीसशे साठ साल उलटलं होतं. जमिनी कारखान्यांना जाणार, अशी कुणकुण होतीच. भात पोटरीत असताना, अवसेच्या आदल्या संध्याकाळी सरकारी माणसं बांधावर ओळीनं मोजणीच्या खुंट्या ठोकून गेली. सकाळी सारा गाव तिथं जमला.

"गोटीदादा, तुझ्या अमेरिकेवाल्यांनी काय केलं असतं रं?" तरण्या हिरामणनं विचारलं.

झालं! गोटीराम रंगात आला. "राजा समुद्रापल्याड. यांना न विचारता चहावर कर बसवला. लोक म्हनाले, तुझ्या दरबारात आमचा मानूस नाय, तर तुला कर पन नाय! चढले जहाजावर, आन् पेट्याच्या पेट्या पान्यात!"

"दर वेळी चा बुडवून थांबता," त्याची बायको काशी म्हणाली. "पुढं?"

"लढले, राजाला हाकलला, सोताचं राज्य केलं!"

"मंग?"

पुढचं गोटीरामाला ठाऊक होतं. ते तो कधी सांगत नसे. आणि ऐकायला होतं कोण? हिरामणनं पहिली खुंटी उपटलीसुद्धा. बघता बघता सगळ्या खुंट्या ओहोटीच्या पाण्यात गेल्या. गोटीरामाला पोरांनी खांद्यावर घेतलं. वरून त्याला बांध दिसला, भोकाभोकांचा. 'येतो मागनं बुजवायला,' तो मनाशी म्हणाला. ढोल तर वाजायला लागला होता.

दुपारी अवसेचं उधाण आलं. तो घमेलं घेऊन धावला, तेव्हा एका भोकाचं भगदाड झालं होतं. चिखल कोंबला, पेंढा कोंबला, शेवटी पाठ लावून बसला. पाणी आवाज न करता दोन्ही बाजूंनी भातात जात राहिलं.

महिन्याभरात शेतं मिठानं पांढरी पडली. सरकारी साहेब आले, ढेकूळ उचलून म्हणाले, "इथं पिकतं काय? ही तर खारी, पडीक जमीन." आता खुंट्या थेट शेतात. सोबत पोलीस.

"आता तरी सांगा शेवट," काशी म्हणाली.

"राजा गेला. नव्या राज्यानं शेतकऱ्यांनी गाळलेल्या दारूवर कर बसवला. शेतकरी उठले, तवा फौज आली."

"राजाची?" हिरामणनं विचारलं.

"नाय रं. त्यांची सोताचीच."

पोलिसांतला एक पुढं आला. बोली गावचीच.

"काका, जरा सरका. खुंटीची जागा तुमच्या पायाखाली हाय."