सरदाराच्या राखणीतल्या कुरडया

लढाईत पडलेल्या एका सरदाराच्या स्मारकावर मी एकदा कुरडया वाळत घातल्या होत्या. घ्या, सांगून टाकलं. सुनेला वाटतं, सासूबाई फार शिस्तीच्या. नातीला वाटतं, आजीला इतिहासाची आवड; कारण बुसैतीनहून मुहर्रकच्या बाजाराला निघालो की मी त्या स्मारकाशी गाडी हळू करायला लावते आणि काचेतून हात जोडते. आवड कसली, आमची जुनी ओळख आहे.

लग्न होऊन बहारीनला आले तेव्हा माझं वय वीस, अक्कल त्याहून बरीच लहान. ह्यांची नोकरी विमानतळावर, शिफ्टची. मुहर्रकच्या जुन्या वस्तीत एका दुकानावर आमच्या दोन खोल्या. रोज संध्याकाळी मी ह्यांच्यामागे भुणभुण लावायची, मला आईकडे पाठवा. चैत्रात आईचं पत्र आलं, तिकडे सगळ्यांच्या कुरडया करून झाल्या. मग मी कशी मागे राहणार? सोऱ्या लग्नाच्या सामानातून आणलेलाच होता, आणि इथलं एवढं कडक ऊन फुकट जाताना बघवत नव्हतं. तीन दिवस गहू भिजवले, वाटले, चीक गाळला. चौथ्या दिवशी हे कामावर गेल्यावर तो शिजवला. पातेलं खाली उतरवलं आणि तेव्हा कुठे आठवलं, की गच्चीवर घरमालकाची कबुतरं असतात.

शहाणी बाई हे गहू भिजवायच्या आधी बघते. चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून विचार करायला वेळ नव्हता. असता तरी मी काय दिवे लावले असते! दहा मिनिटांवर, समुद्राच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात एक पांढराशुभ्र चौथरा मी येताजाता पाहिला होता. मध्ये एक उंच दगड, त्यावर अरबीत काहीतरी कोरलेलं. मला वाटलं, लोकांना वाऱ्याला बसायला बांधला असेल. टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं कमरेवर, सोऱ्या पिशवीत, खांद्यावर ह्यांचं लग्नातलं कोरं धोतर, अशी मी भर रस्त्याने गेले. चौथऱ्यावर धोतर अंथरलं, चार कोपऱ्यांना दगड ठेवले, एकसारख्या गोल कुरडया घातल्या आणि घरी येऊन निवांत झोपले.

चारच्या सुमाराला गेले तर चौथऱ्यापुढे मोठी गाडी उभी. दोन साहेब, आणि त्यांच्यासमोर मान खाली घातलेला तिथला म्हातारा राखणदार. एक साहेब एकदा धोतराकडे, एकदा त्या उंच दगडाकडे बोट दाखवून तावातावाने बोलत होता. मी समोरच्या वाण्याच्या दुकानात शिरले. दुकानदार मजेत बघत होता. त्यानेच हिंदीत सांगितलं, की फार पूर्वी या मैदानात लढाई झाली, मागे न हटता सरदार याच जागी पडला, उद्या सकाळी मोठी माणसं फुलं वाहायला येणार आहेत, आणि म्हाताऱ्याची नोकरी आज खलास.

रस्ता ओलांडायला वीस पावलं होती. मी मिठाचा एक पुडा घेतला, जो मला नको होता, आणि घरी आले.

हे आले तेव्हा मी चुलीशी न जाता दाराशीच बसले होते. सगळं ऐकेपर्यंत ह्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. मग हळूच म्हणाले, की तक्रार गेली तर व्हिसा रद्द होऊन दोघांनाही परत जावं लागेल. गेले चार महिने रोज आईकडे पाठवा म्हणणारी मी, त्यावर भोकाड पसरून म्हणाले की मला नाही जायचं. ह्यांना हसू आलं असावं, पण आवरलं.

"आपलं बघू नंतर," हे म्हणाले. "त्या म्हाताऱ्याचं काय? चल."

वाटभर मी हिंदी घोकत होते. मैदानाच्या कडेला राखणदाराची खोली होती. बाहेर खाटेवर माझं धोतर पसरलेलं, आणि म्हातारबाबा एकेक कुरडई दोन बोटांनी उचलून उलटी करत बसलेले. माझं "गलती मेरा है"पासूनचं सगळं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, गाव कुठलं? ते रत्नागिरीकडचे निघाले; सगळे त्यांना चाचा म्हणत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरीचं विचारायला तोंड उघडेना, ते ह्यांनी विचारलं. चाचांनी साहेबांना सांगितलं होतं, की खाऊ माझाच, माझ्याकडूनच चूक झाली. साहेब खूप ओरडले, आणि उद्या सकाळच्या आत चौथरा आरशासारखा दिसला तर माफ, असं म्हणून गेले.

चौथरा आम्ही दोघांनी धुतला. हे बादल्या आणत होते, मी पदर खोचून घासत होते. ज्या अक्षरांचा अर्थ कळत नव्हता त्यांच्या खाचांतून चिकाचे थेंब नखाने काढले. मागे न हटणाऱ्या त्या सरदाराला मी मिठाच्या पुड्याची गोष्ट मनातल्या मनात सांगितली. उजेड होता तोवर सगळं लख्ख झालं.

निघताना चाचांनी धोतराचं गाठोडं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले,

"तळल्यास की चार मला आणून दे गो पोरी. आणि पुढच्या वर्षी माझ्या खाटेवर घाल. सरदार राखण करील, पण दुपारी उलटायच्या असतात हे त्याला कोण सांगणार?"