धोतराची फुली

विमानतळाचा राखणदार अनवाणी चालून धावपट्टी तपासतो, असे कोणी सांगितले तर लोक हसतील. आमचे आबा तपासत. धुळ्याबाहेर युद्धकाळात घाईघाईने तयार केलेली एक मुरमाची धावपट्टी होती. ऊन चढण्याच्या आत आबा चपला काखेत मारून तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि दुसऱ्या कडेने परत येत. खडा, बाभळीचा काटा, उंदराने उकरलेले बीळ, काहीही त्यांच्या तळव्यांतून निसटत नसे. "पायले जे समजस ते डोयाले समजत नही, वकीलसाहेब," असे ते मला सांगत. मी जन्मभर जिल्हा न्यायालयात वकिली केली. प्रत्यक्ष पुराव्याची इतकी नेटकी व्याख्या मला एकाही ग्रंथात आढळली नाही.

त्या पट्टीखाली आबांचे स्वतःचे ज्वारीचे शेत गेले होते. सरकारने ते घेतले तेव्हाची नोटीस त्यांनी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. अक्षरओळख नसूनही तिच्यातले "सार्वजनिक कामाकरिता" हे शब्द कोणत्या ओळीत आहेत ते त्यांना ठाऊक होते, तेथे बोट ठेवून ते म्हणत, "शेत मनं एकलानं गयं, पन बठ्ठासनाकरता गयं." बठ्ठासनाकरता म्हणजे सर्वांसाठी. युद्ध संपले, स्वराज्य आले, आणि आपल्याच शेतावर आबा खाकी कोट घालून राखणदार झाले. याबद्दल त्यांनी कधी कुरकूर केली नाही. कुरकूर करण्याचे काम त्यांच्या वतीने मी करीत असे.

पुढे तेथे उड्डाणवर्ग सुरू झाला. एक जुने दोन आसनी विमान, एक निवृत्त प्रशिक्षक आणि खानदेशातले आठ-दहा उमेदवार, एवढाच संसार. यावलचे एक तरुण शाळामास्तर दर शनिवारी शाळा सुटली की मोटार गाठून येत. आबा त्या सर्वांना 'पोरे' म्हणत आणि विमान खाली टेकताना ज्याचा धक्का मोठा बसे त्याला विचारत, "काय रे भाऊ, जिमीनवर रागे भरना का?"

हा वर्ग एका कापूस-शेठजींच्या डोळ्यांत सलू लागला. त्यांनी खासगी विमान घेतले होते आणि मुंबईचे व्यापारी त्यातून येत-जात. धावपट्टीच्या देखरेख समितीचे अध्यक्षही तेच. पट्टी व्यापारासाठी राखून ठेवावी, म्हणजे जिल्ह्याची भरभराट होईल, असा ठराव त्यांनी आणला. व्यापाराला माझा विरोध नव्हता, आबांचाही नव्हता. "शेठनं इमान बी उतरू द्या, पोरेसनं बी उतरू द्या. पट्टी लांब शे," असे ते म्हणत. पण येण्यापूर्वी तारेने वर्दी द्यावी हा नियम शेठजी पाळीत नसत, आणि तो पाळावा अशी माझी तीन पत्रे समितीच्या दप्तरात अनुत्तरित पडली होती.

व्हायचे तेच झाले. यावलचे मास्तर प्रथमच एकटे उडाले, ठीक उतरले, पण चाक फुटून विमान ऐन पट्टीच्या मध्यावर बसले. प्रशिक्षक आणि इतर उमेदवार ते ढकलायला धावले. तेवढ्यात, वर्दी नाही, सूचना नाही, शेठजींचे विमान आकाशात घरघरू लागले. पट्टी बंद असल्याची खूण म्हणून जमिनीवर पांढऱ्या कापडाची मोठी फुली घालायची असते. ते कापड समितीने पाहुण्यांच्या सत्कारमंडपाला नेले होते आणि परत केले नव्हते! आबांनी क्षणभरही विचार केला नाही. कमरेचे धोतर सोडून एक पट्टा केला, डोक्याचे पागोटे उलगडून दुसरा केला, टोकांवर दगड ठेवले आणि लंगोटीवर बाजूला उभे राहिले. वैमानिकाने फुली पाहिली आणि विमान वर उचलले. पट्टी मोकळी होईपर्यंत तो घिरट्या घालीत राहिला.

उतरताच शेठजी कडाडले, "पट्टी बंद करायला तुला कोणी सांगितलं? माझे पाहुणे वर ताटकळले!"

"वर ताटकळनात म्हनीसन खाले धड उतरनात, शेठ," आबा धोतर नेसता नेसता म्हणाले.

समितीने आबांकडे लेखी खुलासा मागितला. तो मी लिहून दिला, आणि येथे माझी मान खाली जाते. वकिली ऐटीत मी वाक्य घातले: "पट्टी मी स्वतःच्या निर्णयाने बंद केली." आबांच्या धैर्याचा तो गौरव होता. समितीने पुढची-मागची सारी हकीकत वगळून तेवढेच वाक्य उचलले: राखणदाराला निर्णयाचा अधिकार नाही; सबब नोकरी समाप्त. दुसरा आरोप पाहुण्यांसमोर अपुऱ्या वस्त्रांत उभे राहण्याचा! मंडपाच्या कापडाबद्दल त्या कागदावर चकार शब्द नव्हता.

मी कलेक्टरांपासून मुंबईच्या सचिवालयापर्यंत पत्रांचा भडिमार केला. तेव्हा शेठजींनी आबांना बोलावून एक तयार कागद पुढे केला. उड्डाणवर्गामुळे पट्टीवर नित्य धोका असतो, एवढ्यावर अंगठा द्यावा. नोकरी परत मिळेल. मी शेजारीच बसलो होतो. आबांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

"यावर आंगठा दिधा तर पोरेसनं काय व्हई?" त्यांनी विचारले.

"वर्ग बंद होईल," मी म्हणालो.

"मंग कागद बी तुमनाच, नोकरी बी तुमनीच, शेठ," ते उठत म्हणाले. "आंगठा मना शे."

अंगठ्यावाचूनही वर्ग बंद झालाच. ठराव बहुमताने संमत झाला. बहुमत कोणाचे होते ते लिहिण्याची गरज नाही. प्रशिक्षक विमान घेऊन परप्रांतात गेले. आबा एदलाबादकडे मुलीच्या गावी जायला निघाले, तेव्हा मी मोटारतळावर गेलो आणि त्या वाक्याबद्दल क्षमा मागितली. ते मोठ्याने हसले.

"तुमना कागदनी मनी नोकरी खाई टाकी, वकीलसाहेब! आते मनाकरता नका लिखू." मोटार सुरू झाली तेव्हा खिडकीतून वाकून ते म्हणाले, "पोरेसनाकरता लिखा."

त्यानंतरच्या एकाही अर्जात मी आबांचे नाव घातले नाही. ते वारल्याचे कार्ड आले त्या दिवशी सचिवालयाचेही उत्तर आले: प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. कार्ड मी दोनदा वाचले. मग लेखणी घेतली आणि वर्ग कोणत्या तारखेपासून सुरू करणार, हे कळवावे, असे लिहून पाकीट त्याच टपालाने रवाना केले.