शिदोरीबाहेर राहिलेला आवाज

ऑफिसात त्याला ‘शिदोरीवाला’ म्हणत. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीची घराणी अनेक. एका घराण्याच्या कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर अडून बसतो, कारण त्याला लागणारं सामान तिथे नसतं, किंवा असलं तरी वेगळ्या आवृत्तीचं असतं. हा गृहस्थ प्रोग्राम आणि त्याचं सगळं सामान एकाच फाइलमध्ये बांधून देई. कुठेही न्या, उघडा, चालवा. परक्या घरी मीठसुद्धा मागायचं नाही, हा त्याचा नियम. बांधलेली फाइल तो आधी कोऱ्या कॉम्प्युटरवर चालवून बघे, स्वतःच्या कधीच नाही. “आपल्या घरात सगळंच सापडतं,” तो म्हणे.

घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याच्या ताईचा आवाज गेला. तिच्याकडे राहणाऱ्या आईची दृष्टी त्याआधीच गेलेली. एकीला बोलता येईना, दुसरीला वाचता येईना. ताई आईच्या हातावर थोपटे: एकदा म्हणजे जेवण, दोनदा म्हणजे औषध. बाकी दिवसभर आई एकटीच बोले आणि उत्तर आलं नाही की चिडे.

टाइप केलेलं बोलून दाखवणारा प्रोग्राम त्याच्याकडे होता. ऑपरेशनपूर्वी त्याने ताईकडून पानंच्या पानं वाचून घेऊन रेकॉर्ड केली होती. त्यातून तिचा आवाज तयार केला, फाइल बांधली, स्वतःच्या लॅपटॉपवर ऐकली. हुबेहूब ताई. ताईच्या गावची बस सुटायला आली होती. कोऱ्या कॉम्प्युटरवरची चाचणी राहिली.

ताईचा जुना लॅपटॉप वेगळ्या घराण्याचा. तरी प्रोग्राम झटकन उघडला.

“आई, आता ताई बोलणार हं.”

“बोलू दे की. कान किटले माझे, माझंच ऐकून.”

ताईने टाइप केलं. लॅपटॉपमधून भलतीच बाई बोलली, “आई, मी इथेच आहे.”

त्याच्या लक्षात आलं. ताईचा आवाज शिदोरीत नव्हताच. तो त्याच्या लॅपटॉपवर आधीपासून होता, म्हणून तिथे सापडला होता. इथे सापडला नाही, तेव्हा प्रोग्रामने या लॅपटॉपवरचा तयार आवाज उचलला.

“कोण आलंय?”

“कुणी नाही गं, मशीन आहे.”

“मशीन मला आई कशाला म्हणेल?”

ताईने घाईने पुन्हा बटणं दाबली. “अगं, मीच,” ती परकी बाई म्हणाली.

“हिला आधी बाहेर काढ!” आई ओरडली.

पुढच्या आठवड्यात तो नवी फाइल घेऊन आला, या वेळी कोऱ्या कॉम्प्युटरवर तपासलेली. ताईने टाइप केलं आणि खोलीत ताईचा आवाज उमटला, “आई, जेवतेस ना?”

आई मुलाचा हात चाचपून दबक्या आवाजात म्हणाली, “ऐकलंस? आता आपल्या ताईचा आवाज काढायला लागली. बया पक्की आहे.”

“आई, ताईच आहे ती!”

“डोळे गेलेत माझे, कान नाहीत.”

ताईने लॅपटॉप मिटला. उठून आईच्या हातावर एकदा थोपटलं.

आईचा चेहरा निवळला. “हं, ही माझी लेक,” ती म्हणाली. “चल, वाढ.”